बांधावरून

साडेसातची लाँच पावणेनऊला सुटते बामणोलीहून.
सुदाम ढेबे दोरी सोडतो, धक्क्याला टाच देतो,
आडून बसलेल्या म्हशीला द्यावी तशी,
रागानं नाही, सवयीनं.

मी मीटर वाचणारा.
मेढ्याहून पहाटेची एसटी, डब्यात चपात्या नि चटणी,
आणि यादीत चार वाड्या,
ज्यांची टेकाडं झाली आहेत
आणि दिवाळीनंतर पाणी काठोकाठ असतं तेव्हा
टेकाडांची बेटं.
दोन महिन्यांतून एकदा
त्यांचा उजेड मोजायला येतो मी.

आज लाँचमध्ये:
धोंडूबाई शेलार, मांडीवर दुरुस्त करून आणलेला मिक्सर,
तान्ह्या पोराला धरावा तसा.
एक सिलिंडर, आडवा.
शाळेच्या खिचडीचे तांदूळ, त्यावर झोपलेला मास्तर.
आणि समोरासमोरच्या बाकांवर दोन म्हातारे,
उतेकर आणि सपकाळ,
एकमेकांकडे न बघण्यात तरबेज.

सावरीच्या टेपाला अजून अर्धा तास, आणि इंजिन
दोनदा खोकलं, गप्प झालं.
सुदाम खाली वाकला. डिझेलचा वास.
पाणी एकदम मोठं झालं.

मग उतेकर म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही,
"हितं आमचं वरचं वावर."
सपकाळ म्हणाला, "कोकंबीपतोर तुमचं.
कोकंबीच्या अलीकडं आमचं."
"कोकंबी आमच्यात हुती."
"सावली तुमच्यात हुती. बुंधा आमच्यात."

साठ वर्षं झाली ते झाड बुडून.
दोघं तेव्हा चड्डीत होते, भांडण बापांचं होतं,
तेही बाप नवी मुंबईकडच्या पुनर्वसनात गेले, तिथंच वारले.
पण झाड अजून धरतंय, असं दिसलं,
आणि कोकमं अजून कुणीतरी चोरतंय.

सपकाळ कठड्यावरून वाकला बघायला.
उतेकर त्याच बाजूला आला, त्याला खोटं पाडायला.
लाँच कलली. सिलिंडर घरंगळला, मास्तर जागा झाला.
"एका अंगाला बसू नका रं!" सुदाम खालून ओरडला.
धोंडूबाई मिक्सर घट्ट धरून म्हणाली,
"माझ्या सासऱ्याच्या खळ्यावर बसून भांडताय दोघंबी,
एवढं ध्येनात ठेवा."

त्यावर कुणी बोललं नाही.
वारा पश्चिमेचा होता. लाँच हळूहळू सरकत होती,
एकाच्या वावरातून दुसऱ्याच्या वावरात,
कुणाला न विचारता.
सपकाळनं शर्टाची बाही वर केली, हात पाण्यात घातला
कोपरापर्यंत,
आणि तसाच ठेवला, बराच वेळ.
उतेकर म्हणाला, "गार आसंल."
"हाय की," सपकाळ म्हणाला.

इंजिन लागलं. आवाजात सगळं बुडालं.

सावरीला उतरताना उतेकरची पिशवी सपकाळनं धरली.
म्हणजे समेट झाला असं नाही.
काठ निसरडा होता.

उतेकरच्या घरी मीटर: तीन युनिट.
दोन महिन्यांत तीन.
म्हटलं, बाबा, दिवा लावता की नाही?
त्यानं पाण्याकडे बोट केलं.
"आमच्या वावरावरचंच पाणी जातंय खाली, त्याची वीज हुतीया.
आमी परत इकत घ्यायची.
म्हणून जपून लावतो."
मी तीन लिहिलं. स्थिर आकार वेगळा, तेही सांगितलं.
चहा गुळाचा होता.

पुढच्या वाडीत सात घरं, पाचांना कुलूप.
कुलूपबंद घराचं मीटरही फिरतं थोडं,
कशानं ते मला अजून कळलेलं नाही.

परतीच्या लाँचला मी आणि एक करडू.
करडाचं तिकीट नाही.
ऊन कलतं झालं होतं, पाण्यावर पितळ.
मधोमध आल्यावर सुदामनं सुकाणू वळवलं,
मोठा वळसा घेतला डावीकडून.
सरळ का नाही, मी विचारलं.
अंधार पडायच्या आत एसटी गाठायची होती मला.

तो समोर बघत म्हणाला,
"साहेब, पिकातनं घालू का लाँच?"